स्टेटमेंटवर अनोळखी हॉटेलचं नाव दिसलं? या चुका टाळा

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे दुकानाच्या पाटीवरचं नाव स्टेटमेंटमध्ये शोधणं. पाटीवर ब्रँड असतो, पण बऱ्याचदा पैसे ज्या कंपनीच्या खात्यात जातात तिचंच नाव बँकेकडे येतं. महाराष्ट्रातली मॅकडोनाल्ड्सची दुकानं हार्डकॅसल रेस्टॉरंट्स चालवते. डॉमिनोजच्या मागे ज्युबिलंट फूडवर्क्स, बर्गर किंगच्या मागे रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया, केएफसी आणि पिझ्झा हटच्या मागे देवयानी इंटरनॅशनल किंवा सफायर फूड्स. फासोज आणि बेहरूझ बिर्याणी दोन्ही रेबेल फूड्सची. स्विगीच्या जुन्या नोंदी बंडल टेक्नॉलॉजीज नावाने सापडतात, झोमॅटोची कंपनी आता इटर्नल आहे. त्यातच जागा कमी असल्याने नाव मध्येच तुटतं आणि कधी कधी गाव मुख्य कार्यालयाचं छापलं जातं. म्हणून नाशिकला खाल्लेल्या बर्गरपुढे ‘मुंबई’ दिसतं.

मग काय होतं? ‘हार्डकॅसल रेस्टॉ मुंबई, ४१८ रुपये, मंगळवार’ अशी ओळ दिसते. मंगळवारी तर आपण ऑफिसात होतो! लगेच कार्ड ब्लॉक. त्या कार्डावर लावलेली विजेची, विम्याची ऑटो-पेमेंट्स अडकतात, आणि आठवड्याने कळतं की शनिवारी रात्री मुलाने फूड कोर्टमध्ये कार्ड नुसतं टेकवलं होतं. ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही राहत नाही. काही स्टेटमेंटांत व्यवहाराची नाही, नोंद झाल्याची तारीख असते, हेही विसरलं जातं. आधी रक्कम घ्या, मागचे तीन-चार दिवस धरा, एसएमएस आणि ऑर्डरचे ईमेल त्या आकड्याने शोधा. घरात विचारा. अ‍ॅड-ऑन कार्ड, म्हणजे तुमच्याच खात्यावर घरच्यांना दिलेलं जादा कार्ड असेल तर तेही तपासा. दहा मिनिटांचं काम आहे, पण तेवढा धीर लोकांना नसतो.

यूपीआयच्या नोंदीत बारा आकडी आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक असतो. तोच अ‍ॅपच्या हिस्टरीत जुळवा, नाव वाचत बसू नका.

यापेक्षा घातक चूक म्हणजे गुगलवर ‘कस्टमर केअर’ नंबर शोधणं. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. पलीकडचा माणूस ‘रिफंड देतो’ म्हणत स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप घ्यायला लावतो आणि ४१८ रुपयांच्या नादात खातं रिकामं होतं. नंबर कार्डाच्या मागचा किंवा बँकेच्या अ‍ॅपमधलाच घ्यायचा. रिफंडसाठी पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही.

रक्कम छोटी म्हणून सोडून देऊ नका. चोरलेलं कार्ड चालतं का, हे आधी किरकोळ रकमेनेच तपासतात. डॉलरमधली नोंद असेल तर जास्तच सावध व्हा, परदेशी साइटवर ओटीपी नसला तरी पैसे जाऊ शकतात. आंतरराष्ट्रीय व्यवहार अ‍ॅपमधून बंद ठेवा.

व्यवहार खरंच आपला नसेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेल्या नियमानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेकडून संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा शून्य. चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवसात कळवलंत तर नेहमीच्या बचत खात्यावर तो १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. कार्ड ब्लॉक करणं म्हणजे तक्रार नव्हे, ‘हा व्यवहार माझा नाही’ असा डिस्प्यूट बँकेकडे वेगळा नोंदवावा लागतो. त्याचा तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि फसवणूक असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.