जुनं महागडं घड्याळ घेताय? विकणारा एक आणि तपासणारा दुसराच हवा

नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हाला फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात एक 1957 चं ओमेगा स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, अंदाज होता फक्त 80 हजार ते 1 लाख 20 हजार. घेतलं कोणी, तर ओमेगाच्याच म्युझियमने. मग 2023 मध्ये कंपनीनेच सांगितलं की ते इकडचे तिकडचे पार्ट जोडून बनवलेलं होतं आणि त्यात त्यांचेच तीन माजी कर्मचारी सामील होते. आता बोला, तिथे हे होतं तर आपण कुठल्या झाडाचा पाला!

तर पहिली गोष्ट, डीलर म्हणाला ना "आमचाच माणूस आहे, बघून देईल", की हसून नको म्हणायचं. रिपेअरवाला आपण शोधायचा, त्याची फी आपण द्यायची आणि घड्याळ घेतलं नाही तरी द्यायची, म्हणजे सौदा मोडला तर त्याचं काही जात नाही. अ‍ॅडव्हान्स त्याने बघितल्यावरच.

त्याआधी फोटो मागवा. डायल जवळून, उघडं मशीन, झाकणाची आतली बाजू, आणि नंबर. जुन्या रोलेक्सवर सिरियल नंबर 6 च्या बाजूला दोन लग्जच्या (पट्टा अडकतो त्या शिंगांच्या) मध्ये असतो आणि मॉडेल नंबर 12 च्या बाजूला, ब्रेसलेट काढल्याशिवाय दिसत नाही. काही जण सांगतात झाकण उघडलं तर वॉटरप्रूफिंग जाईल. अहो, पन्नास वर्षांच्या घड्याळाला कसलं वॉटरप्रूफिंग, ते घालून पोहायला जाणारे का आपण?

खरी किंमत डायलची असते, आणि सगळ्यात जास्त खेळही तिथेच होतो. आपल्याकडच्या दमट हवेत डायल डागाळतात म्हणून रंगवून नवी करायची पद्धत जुनीच, बाहेरचे कलेक्टर तर असल्या चकाचक घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणूनच ओळखतात. लूप (घड्याळवाल्याचं भिंग) लावून बघा, अक्षरांच्या कडा फुगलेल्या किंवा पसरलेल्या आहेत का, मिनिटांच्या रेघा एकसारख्या आहेत का. मग 6 च्या खाली काय लिहिलंय ते वाचा. 'टी स्विस टी' किंवा 'स्विस टी 25' असेल तर चमकणारा रंग ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थाचा, जो साधारण 1998 पर्यंत वापरात होता. ट्रिटियम दर 12.3 वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे 1970 च्या आसपासचं डायल आज अंधारात जवळजवळ मेलेलं असायला पाहिजे, टॉर्च मारल्यावर ते बराच वेळ लख्ख उजळत राहिलं तर रंग नंतर भरलाय किंवा डायलच बदललंय. डायलचे ठिपके पिवळट आणि काटे पांढरेफटक असतील तर काट्यांबद्दल पण विचारा. कंपनीने सर्व्हिसिंगमध्ये बदललेलं डायल खोटं नसतं, पण मूळ डायलचे पैसे त्याला का द्यायचे?

टाइमग्राफरवर (चाल मोजायच्या यंत्रावर) लावून "बघा किती छान चालतंय" दाखवतात तेव्हा लिफ्ट अँगल (घड्याळाच्या मशीनप्रमाणे त्या यंत्रात भरायचा कोन) किती ठेवलाय ते विचारा. बऱ्याच मशीनला 52 चालतो पण ओमेगाच्या को-अ‍ॅक्सियल मशीनला 38 लागतो, आकडा चुकीचा टाकला की अ‍ॅम्प्लिट्यूडही चुकीचाच दिसणार (म्हणजे आतलं चाक किती झोका घेतं तो आकडा).

कागदांवर फार विसंबू नका. पाटेक फिलिप ही स्विस कंपनी जुन्या रेकॉर्डमधून नंबर आणि तारखांचा उतारा देते, रोलेक्स देत नाही. पण तो उतारा फॅक्टरीतून काय बाहेर पडलं ते सांगतो, आज आत काय बसवलंय ते नाही. रिकामे बॉक्स तर सुटे विकत मिळतात.

पैशाचं थोडक्यात. 2 लाख किंवा त्याच्या वर कॅश घेणं 2017 पासून बंद आहे, आणि 10 लाखांच्या वरच्या घड्याळावर एप्रिल 2025 पासून दुकानदाराने 1 टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, घ्यायचा असतो (तो आपल्या रिटर्नमध्ये मिळतो, घाबरू नका). "बिल नको, कमी करतो" म्हणणाऱ्याकडून उद्या परत काय मागणार? बिलावर मॉडेल, सिरियल नंबर, डायल आणि काटे मूळ की बदललेले, आणि दुसऱ्याने तपासल्यावर वेगळं निघालं तर किती दिवसांत पैसे परत, हे सगळं लिहून घ्या. चांगला डीलर कुरकुरत नाही. कुरकुरला तर उठायचं.

घड्याळ घेतल्यावर रिपेअरवाल्याचीही परीक्षा असते. काय काय करणार यापेक्षा काय करणार नाही ते विचारा. जो बघितल्या बघितल्या पॉलिश करून देतो म्हणाला त्याच्याकडे लग्जच्या कडा गेल्याच समजा, घासलेलं स्टील काही परत येत नाही. पार्ट कुठून आणतो तेही विचारा, "आहेत माझ्याकडे" एवढ्यावर सोडू नका, कुठल्या घड्याळातून काढलेत ते सांगता आलं पाहिजे. पावतीवर लिहून घ्या की पॉलिश नको, डायल आणि काट्यांना विचारल्याशिवाय हात नको आणि काढलेला प्रत्येक पार्ट पुडीत बांधून परत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही हेच लेखी द्या. ओमेगासारख्यांच्या मशीनवर नंबर कोरलेला असतो, देताना त्याचा फोटो काढून ठेवा आणि परत घेताना झाकण लावायच्या आधीच काउंटरवर जुळवून बघा.