जीवशास्त्र ‘मुलांना शोधू द्या’ पद्धतीने शिकवताय? मग या चुका टाळा

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशील शाळा सुरू केली, तेव्हापासून ‘करून शिकणं’ हा प्रागतिक शिक्षणाचा कणा मानला जातो. पण प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव पुढच्या शिकण्याची वाटच बुजवतात, हेही १९३८ मध्ये ड्यूईंनीच बजावलं होतं. हे दुसरं म्हणणं विसरलं की जीवशास्त्राच्या तासाला त्याच त्या चुका होतात.

प्रश्नही मोकळा, मोजमापही मोकळं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. विषय परासरणाचा असतो, म्हणजे पेशीच्या पडद्यातून पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाण्याचा. टेबलावर बटाटे, साखर, पाणी आणि सुऱ्या मांडून ‘बघा, काय सापडतंय’ असं सांगितलं जातं. चाळीस मिनिटांनी चित्र ठरलेलं असतं. एका गटाने साल तशीच ठेवलेली असते. दुसऱ्या गटाचे तुकडे लहानमोठे असतात. तिसऱ्याने तुकडे न टिपताच वजन केल्यामुळे दाट द्रावणातला तुकडाही ‘वाढलेला’ दिसतो. चौथ्याचा काटा फक्त पूर्ण ग्रॅम दाखवतो, त्यामुळे तीन ग्रॅमच्या तुकड्यात झालेला दहा टक्के बदल त्याला दिसतच नाही. तास संपत आला की शिक्षक फळ्यावर व्याख्या लिहून देतात. मुलं त्यातून एवढंच शिकतात की प्रयोगातून काही कळत नाही, उत्तर शेवटी फळ्यावरच मिळतं.

मोजमापाची रीत शिक्षकाने ठरवावी आणि प्रश्न मुलांवर सोडावा. पहिल्या तासाला सगळ्यांनी एकच काम करायचं. साल काढलेल्या बटाट्यातून कॉर्क बोअररने (भोक पाडायच्या धारदार नळीने) १ सेंमी जाडीच्या कांड्या काढून त्या ४ सेंमीवर कापायच्या. साखरेची द्रावणं ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १ मोलर (लिटरभर द्रावणात ३४२ ग्रॅम साखर म्हणजे १ मोलर). प्रत्येक द्रावणात तीन कांड्या, किमान ४५ मिनिटं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवता आल्या तर उत्तम. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत घ्यायचं, आधी आणि नंतरही टिपकागदावर सारखंच टिपून. नोंद ग्रॅमची नको, वजनात किती टक्के बदल झाला त्याची हवी, कारण सुरुवातीची वजनं कधीच तंतोतंत सारखी नसतात. द्रावणाची तीव्रता आणि टक्के बदल यांचा आलेख काढला की त्याची रेघ शून्य बदलाला जिथे छेदते तिथे पेशी आणि द्रावण समतोलात असतात. बटाट्यात हा बिंदू बहुधा ०.२ ते ०.४ मोलरच्या दरम्यान येतो.

द्रावण करतानाची चूकही ठरलेली आहे. १०० मिली पाण्यात ३४.२ ग्रॅम साखर टाकली की १ मोलर द्रावण होत नाही. आकारमान १२० मिलीच्या आसपास जातं आणि तीव्रता ०.८ च्या जवळ उतरते. साखर आधी साधारण ६० मिली पाण्यात विरघळवावी आणि मग १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी घालावं.

हे हातात बसलं की दुसऱ्या तासाला मोकळीक द्या. गाजरात हा बिंदू कुठे येतो? कोंब फुटलेल्या बटाट्यात तो सरकतो का? आता मुलांच्या प्रश्नाला आधार असतो. ‘एवढा वेळ कुठून आणायचा?’ असं विचारणाऱ्यांनी त्या एका फसलेल्या तासानंतर तोच धडा किती वेळा पुन्हा शिकवावा लागतो, ते मोजावं.

‘बरोबर’ उत्तराला गुण

या चुकीबद्दल मात्र मनापासून राग येतो, कारण ती मुलांना खोटं लिहायला शिकवते. मक्याच्या हिरव्या आणि पांढऱ्या रोपांचा आनुवंशिकतेचा प्रयोग घ्या, त्यात तीन हिरव्यांमागे एक पांढरं, म्हणजे ३:१, असं गुणोत्तर धरलेलं असतं. ४० रोपांत ३०:१० अपेक्षित असतं, पण २६:१४ आलं तर त्यात वावगं काहीच नाही. नेमकं ३०:१० येण्याची शक्यता साधारण सातात एक आहे. दहाच्या दहा गटांनी ३०:१० लिहिलं असेल, तर रोपं कुणी मोजलीच नाहीत असं खुशाल समजा. गुण उत्तराला असतील तर मुलं उत्तरच लिहिणार, त्यात त्यांचा दोष नाही.

नोंदी पेनाने, खोडरबर बंद, चुकलं तर एक सरळ रेघ. अंदाज प्रयोगाआधी लिहून घ्यायचा. निष्कर्ष स्वतःच्या आकड्यांना धरून आहे का, एवढ्यालाच गुण द्यायचे. शेवटी सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकत्र करा. ४०० रोपांचं गुणोत्तर ३:१ च्या जवळ सरकताना मुलं स्वतः पाहतात, आणि नमुना मोठा का हवा हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि हो, ट्रे उजेडातच ठेवा. अंधारात सगळीच रोपं फिकट उगवतात. मोजणीही वेळेवर उरका. पांढऱ्या रोपांत हरितद्रव्य नसतं, बियातला साठा संपला की ती मरतात आणि गुणोत्तर बिघडतं.

थोडक्यात, पण वारंवार दिसणाऱ्या चुका

नाव आधी, वस्तू नंतर. कांद्याच्या पापुद्र्यावर मिठाचं पाणी सोडा, मुलांना दिसेल ते त्यांच्या शब्दांत लिहू द्या, आणि मगच ‘रससंकोच’ हा शब्द द्या.

प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजून दाखवलं की शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात. मनात तीन आकडे मोजा.

सहा जणांचा गट. दोघं काम करतात, चौघं बघतात. गट तिघांचा असावा.

थर्मोकोलची पेशी म्हणजे प्रकल्प नव्हे, ती हस्तकला आहे.

मुलांच्या मनात आधीपासून काय आहे ते न विचारणं. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण बिनचूक लिहिणारा मुलगाही झाडाचं वजन मातीतून येतं म्हणतो. त्याच्यापुढे सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँट याचे १६४८ मध्ये छापलेले आकडे ठेवा: पाच वर्षांत विलोचं झाड सुमारे ७४ किलोने वाढलं, माती जेमतेम ५७ ग्रॅम घटली. मग गप्प बसा. व्हॅन हेल्माँटने ते वजन पाण्याचं मानलं. त्याचं कुठे चुकलं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपर्यंत कसं पोचायचं, यावर मुलांना भांडू द्या.

सुरक्षिततेत ‘शोधू द्या’ चालत नाही. पानातलं हरितद्रव्य काढताना अल्कोहोल कधीच थेट ज्योतीवर ठेवायचं नाही. आधी पाणी उकळायचं, बर्नर बंद करायचा, आणि मग त्या गरम पाण्यात अल्कोहोलची परीक्षानळी उभी करायची. हा क्रम शिक्षकाने स्वतः करून दाखवावा आणि प्रत्येक गटाकडून तोंडी वदवून घ्यावा, त्यानंतरच काडेपेटी हातात द्यावी.