अग्निशमन अधिकारी पदाचा अर्ज : या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक अर्ज भरायच्या वर्षभर आधीच झालेली असते, कोर्सला प्रवेश घेताना. म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलतो.

मागे एका महापालिकेच्या कागदपत्र तपासणीला भाच्यासोबत गेलो होतो. रांगेत त्याच्या पुढच्या मुलाने टेबलावर लॅमिनेट केलेला 'फायर अँड सेफ्टी'चा डिप्लोमा ठेवला. सोनेरी किनार, लाल शिक्का. तपासणाऱ्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि जाहिरातीतल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "बाळा, यातलं कुठलं आहे तुझ्याकडे?" मुलगा गप्प. फी भरायला वडिलांनी सोयाबीनचे पैसे दिले होते, हे त्याने नंतर बाहेर पायरीवर बसून सांगितलं.

आपल्याकडच्या पालिकांच्या जाहिरातीत ती ओळ बहुधा अशी असते : नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा सब ऑफिसर कोर्स, किंवा मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा उपस्थानक व अग्निप्रतिबंधक अधिकारी पाठ्यक्रम. नाक्यावरच्या क्लासचं 'शासनमान्य' हे पाटीवर लिहिलेलं असतं, जाहिरातीत नाही. पैसे भरण्याआधी दोन-तीन पालिकांच्या जुन्या जाहिराती काढा आणि कोर्सचं नाव त्यांतल्या अर्हतेशी शब्दन् शब्द ताडून पाहा. सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स हा फायरमनसाठी. त्यावर अधिकाऱ्याचा अर्ज भरू नका.

दुसरा गोंधळ नावाचा. 'फायर सेफ्टी ऑफिसर' शोधत बसाल तर सरकारी जागा सापडणारच नाहीत. तिथे पदं असतात उपस्थानक अधिकारी, सहायक केंद्र अधिकारी, स्टेशन ऑफिसर. आणि कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर हे वेगळंच काम आहे. मोठ्या कारखान्यांना तो कायद्याने नेमावा लागतो. त्यासाठीचा औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा अग्निशमन दलात चालेल असं गृहीत धरू नका.

आता मैदान. उंची १६५ सेंमी, छाती ८१ आणि फुगवून ५ सेंमी जास्त, अशी अट पुरुषांसाठी अनेक जाहिरातींत दिसते. छातीला मुलं हमखास चुकतात. टेप लागताच घाबरून आधीच श्वास भरून उभी राहतात, मग फुगवायला सांगितलं की टेप जेमतेम दोन सेंमी सरकते. पहिलं माप श्वास सोडून, खांदे सैल ठेवून द्या. घरी कुणाकडून तरी रोज टेप लावून घ्या, आठवड्याभरात सवय होते. उंची अगदी काठावर असेल तर घरी संध्याकाळीही मोजा, कारण दिवसभरात माणूस थोडा खुजा होतो. चष्मा आणि रंगांधळेपणाची अट फी भरण्याआधीच वाचा, वैद्यकीय तपासणीच्या दिवशी नव्हे.

कागदांत मुख्य भानगड तारखांची. अर्हता अर्जाच्या शेवटच्या दिवशी हातात असावी लागते. 'निकाल लागायचाय' हे कुणी ऐकून घेत नाही. नॉन-क्रिमिलेअरवरची वैधतेची तारीख बघा, ती बहुधा ३१ मार्चला संपते. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव 'रामराव' आणि आधारवर 'रामा' असेल तर दुरुस्ती आजच टाका, तिला वेळ लागतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींनी राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावं. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र न वाचता सही करू नका : २८ मार्च २००६ पासून जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली, तर उमेदवार अपात्र ठरतो.

अनुभवाच्या दाखल्यावर पदनाम, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, जावक क्रमांक हवा. 'चांगले काम केले' एवढंच लिहिलेला दाखला परत घेऊन जा आणि नवा मागा, संकोच करू नका.

आणि फी. खात्यातून पैसे कापले गेले म्हणजे अर्ज गेला, असं नसतं. पुन्हा लॉगिन करून भरणा यशस्वी दिसतोय का ते पाहा आणि अर्जाची पीडीएफ लगेच उतरवून घ्या. हे सगळं शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी. शेवटच्या रात्री साइट अडकली, तर हेल्पलाइनचा फोनही लागत नाही.