स्वॅप भरलाय म्हणून रॅम आणायला निघालात? आधी या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या डिझाइन ऑफिसात मशीन रखडायला लागलं की निदान ठरलेलं असतं: 'रॅम कमी पडतेय, अजून टाका.' बऱ्याचदा रॅम पुरेशी असते, आकडे वाचण्यात चूक झालेली असते. इथे लिनक्सवर चालणाऱ्या वर्कस्टेशनचंच धरलं आहे. स्वॅप म्हणजे रॅममधला मजकूर तात्पुरता हलवायला डिस्कवर राखलेली जागा.

पहिला घोळ मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या 'फ्री' या कमांडचाच. १६ जीबीच्या मशीनवर ती चालवली आणि 'फ्री' रकान्यात जेमतेम ४०० एमबी दिसले की पोटात गोळा येतो. त्याच ओळीच्या शेवटी 'अव्हेलेबल' रकाना असतो, तिथे ५ जीबी दिसत असतील तर काळजी नको. मधली मेमरी फाइलींच्या कॅशला दिलेली असते आणि मागणी आली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यातली बरीचशी लगेच सोडतो. कॅश हाताने रिकामी करणारी स्क्रिप्ट कुणी क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) लावली असेल तर काढून टाका. तिच्यामुळे तेच ड्रॉइंग पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती स्वॅपच्या आकड्याने. २ जीबी वापरलेले दिसले म्हणजे मशीन आजारी, असं नाही. सकाळी उघडलेला आणि नंतर हातही न लावलेला प्रोग्रॅम कर्नल स्वॅपमध्ये सरकवतो. तो तिथे पडून राहिला तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते रॅम आणि स्वॅपमध्ये सतत ये-जा सुरू झाल्यावर. ती बघायला 'व्हीएमस्टॅट ५' (दर पाच सेकंदांनी एक ओळ) चालवा आणि 'एसआय' (स्वॅपमधून रॅममध्ये), 'एसओ' (रॅममधून स्वॅपमध्ये) या दोन रकान्यांवर नजर ठेवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत शून्यं दिसत असतील, मध्येच एखादा छोटा आकडा येत असेल, तर रॅम पुरतेय. पण कास्टिंगचं सिम्युलेशन चालू असताना दोन्ही रकाने मिनिटभर १०,००० ते २०,००० वर राहिले, म्हणजे सेकंदाला १०-२० एमबी आत आणि तेवढेच बाहेर, आणि 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) हा रकानाही चढला, तर रॅम खरोखरच अपुरी आहे. साध्या हार्ड डिस्कवर अशा वेळी माउससुद्धा हलत नाही. इथे मात्र मेश (सिम्युलेशनसाठी मॉडेलवर पाडलेली जाळी) विरळ करा किंवा रॅम घ्या.

चालू कामात 'स्वॅप साफ करू' म्हणून स्वॅप बंद करणारी 'स्वॅपऑफ' कमांड मारू नका. स्वॅपमधलं सगळं त्यामुळे रॅममध्ये परत ओढलं जातं. 'अव्हेलेबल'पेक्षा वापरलेला स्वॅप जास्त असेल तर कमांड तरी फसते, नाहीतर कर्नल एखादा प्रोग्रॅम मारतो आणि सेव्ह न केलेलं काम जातं.

प्रोग्रॅम अचानक गायब झाला तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी'ची ओळ शोधा. मारला जातो तो बहुधा सर्वांत जास्त मेमरी धरलेला प्रोग्रॅम, म्हणजे तुमचं सिम्युलेशन. मेमरी फुगवणारा मात्र साठ टॅब उघडे असलेला ब्राउझरही असू शकतो. कुणी किती स्वॅप धरलाय ते प्रॉक फोल्डरात, त्या प्रोसेसच्या नंबराखालच्या स्टेटस फाइलीत, 'व्हीएमस्वॅप'च्या ओळीत दिसतं.

पावसाळ्यात, त्यातही खानापूरच्या बाजूला, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. स्वॅपमध्ये अडकलेल्या मशीनवर नुसती फाइल सेव्ह करायलाही मिनिटं जातात आणि तेवढ्यात यूपीएस संपतो. म्हणून लाइट गेल्या गेल्या आधी सिम्युलेशन थांबवा, मग बाकीच्या फाइली सेव्ह करा.

लाइट आल्यावर 'फ्री'मध्ये स्वॅपची एकूण जागाच शून्य दिसते, हाही याच भागातला नेहमीचा अनुभव. कारण स्वॅप फाइल हाताने चालू केलेली असते, कायमची नोंदवलेली नसते. ८ जीबीची फाइल बनवायला 'डीडी' कमांडने १ एमबीचे ८१९२ ब्लॉक लिहा, फाइलीची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करा, मग ती स्वॅपसाठी तयार करायला 'एमकेस्वॅप', मग चालू करायला 'स्वॅपऑन', आणि शेवटी एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय जोडायचं त्या यादीच्या फाइलीत) ओळ घाला. एकदा मशीन रीस्टार्ट करून 'फ्री'च्या स्वॅपच्या ओळीत ८ जीबी दिसतात का ते बघून घ्या.