मुंबईच्या फ्लॅटमध्ये अमृत कोकम : ऊन कमी असलं तरी चालेल, साखर कमी नको

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत दादरच्या बाजारात रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, दिसू लागतात. लाल-जांभळे, लिंबापेक्षा थोडे मोठे, टोपलीत एकमेकांवर रचलेले. अमृत कोकम म्हणजेच साखरेत मुरवलेलं कोकम सरबत करायचं तर याच दिवसांत. कारण रातांबा टिकाऊ नाही. आणल्यापासून दोन दिवसांत कापायला हवा आणि वळवाचा पाऊस लागलेलं फळ तर त्याच दिवशी. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे. बरणी त्याच्या किमान दहा दिवस आधी भरून झालेली बरी.

आपल्याकडे बहुतेकांची अडचण ठरलेली असते : घरात ऊन येत नाही. गॅलरीला ग्रिल, समोर दुसरी बिल्डिंग, ग्रिलवर कबुतरं. ‘अमृत कोकमाला कडक ऊन लागतं’ हे ऐकून अनेकजण बाटली विकत आणून मोकळे होतात. पण सालीतला रस बाहेर काढण्याचं काम साखर करते, ऊन नव्हे. उन्हाच्या उबेनं साखर लवकर विरघळते, एवढीच त्याची मदत. उलट सतत थेट प्रकाश पडला तर कोकमाचा लाल रंग फिका पडतो. मेमध्ये मुंबईच्या घरात तसंही ३२-३३ अंश तापमान असतं. तेवढं पुरतं, फक्त चार दिवस जास्त लागतात.

रातांबे घेताना

पूर्ण लाल किंवा लाल-जांभळं, दाबल्यावर किंचित टणक लागणारं फळ घ्या. हिरवट डाग असलेल्या फळाला आंबटपणा असतो, रंग नसतो. मऊ पडलेलं किंवा देठापाशी पाणी सुटलेलं फळ आंबायला लागलेलं असतं. असं एक जरी बरणीत गेलं तरी बाकीचं सगळं बिघडवतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ जात सरबताला चांगली, पण विक्रेत्याला जात विचारून फारसं हाती लागत नाही. एक फळ फोडून साल बघा. जाड साल असेल तर त्यात रस जास्त. गावाहून एसटीनं पिशवीतून आलेले रातांबे घेत असाल तर पिशवीच्या तळाचे आधी तपासा, दबून फुटलेले तिथेच सापडतात.

एक किलो फळातून साधारण अर्धा किलो साल निघते. त्याला एक किलो साखर लागते. यातून पाऊण ते पाऊण लिटरहून थोडा जास्त पाक मिळतो, म्हणजे वीसएक ग्लास सरबत. पहिल्यांदा करताना एवढंच करा. बरणी दोन लिटरची, काचेची किंवा चिनी मातीची. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं आणि लोखंड यांना कोकम लावू नका. आम्ल त्यांना खातं आणि रंगही काळपट होतो. म्हणून कापायलाही विळी नको, स्टीलची सुरी घ्या.

साखर सालीच्या दुप्पट, आणि ती का

सगळ्यात जास्त सरबतं इथे फसतात. ‘इतकी गोड कोण पिणार’ म्हणून साखर निम्मी केली जाते आणि पाचव्या दिवशी बरणी फसफसते.

हिशोब सोपा आहे. ताज्या सालीत वजनाच्या ८० ते ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे अर्धा किलो सालीत सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. त्यात एक किलो साखर विरघळली की पाकात साखरेचं प्रमाण ७० टक्क्यांच्या जवळ जातं. पाऊण किलो घातलीत तर ६४ टक्के, अर्धा किलो घातलीत तर जेमतेम ५४. पाकात ६५ टक्क्यांहून जास्त साखर असेल तर यीस्ट आणि बहुतेक बुरशीला वापरण्यासारखं पाणीच उरत नाही, म्हणून तो टिकतो. ५४ टक्क्यांना यीस्ट आरामात वाढतं आणि तुम्हाला हवं असलेलं सरबत दारूच्या वाटेला लागतं. बरणीतली साखर आहे ती टिकवण्यासाठी. गोडी कमी हवी असेल तर ती ग्लासात कमी करता येते, कशी ते पुढे आहे.

गूळ घालायचा मोह होतो. नको. गुळात स्वतःचं पाणी असतं, तो सालीतही नीट भरता येत नाही, आणि त्याचा रंग कोकमाचा रंग मारतो. पिठीसाखरही नको, तिच्या गुठळ्या होऊन तळाशी दगड बसतो. नेहमीची मध्यम दाण्याची साखर बरी.

करायची रीत

रातांबे धुऊन पंचानं एकेक पुसा. मग पंख्याखाली कोरड्या कापडावर दोन-तीन तास पसरा. देठाच्या खोबणीत पाणी अडकून राहतं, तिथे बोट फिरवून पाहा. बरणी, सुरी, चमचा, हात सगळं कोरडं हवं. बरणी गरम पाण्यानं धुऊन उलटी ठेवून पूर्ण वाळवा. उन्हात तासभर ठेवता आली तर उत्तम.

फळ आडवं कापून दोन वाट्या करा. बिया आणि पांढरा गर चमच्यानं वेगळ्या भांड्यात काढा. सालीचा आतला पापुद्रा खरवडू नका. हात लाल होतील, कपड्यावर पडलेला डाग सहज जात नाही, तेव्हा जुना गाऊन नाहीतर जुना टीशर्टच घाला. आतून काळी पडलेली किंवा अळी दिसलेली वाटी टाकून द्या.

आता साली वजन करा. अंदाजानं नको. बहुतेक घरांत आता स्वयंपाकाचा काटा असतो, नसेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तोलून आणा. त्याच्या दुप्पट साखर मोजून घ्या.

बरणीच्या तळाला साखरेचा बोटभर थर द्या. मग प्रत्येक वाटी साखरेनं काठोकाठ भरून, तोंड वर ठेवून, शेजारी शेजारी रचा. एक थर वाट्यांचा, वर मूठभर साखर, परत वाट्या. उरलेली सगळी साखर वरून ओता. सगळ्यात वर साखरच दिसली पाहिजे, साल नाही. बरणी पाऊण भरेल इतकीच भरा. तोंडाला दादरा बांधा आणि वर झाकण ढिलं ठेवा. घट्ट पिळलंत तर आत दाब धरतो, उघडं ठेवलंत तर जूनच्या दमट हवेतून साखर पाणी ओढून घेते. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवायची हे सांगायला नको.

पहिल्या संध्याकाळी साखर ओलसर आणि गुलाबी दिसते. दुसऱ्या दिवशी तळाला बोटभर लाल पाणी साठतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी साली तरंगायला लागतात, आणि काळजी घ्यायची ती इथूनच. पाकाच्या वर उघडी राहिलेली साल हीच बुरशीची जागा. रोज सकाळ-संध्याकाळ बरणी तिरकी करून गोल फिरवा, म्हणजे प्रत्येक साल पाकात बुडून निघेल. तळाशी साखर घट्ट बसली असेल तर कोरड्या लाकडी उलथन्यानं सोडवा. सालीवर दाब देऊ नका, गाळ होतो.

ऊन येत असेल तर दिवसा दोन-तीन तास खिडकीत ठेवा, बरणीभोवती पांढरं फडकं गुंडाळून. ऊन नसेल तर फ्रिजच्या वर किंवा मागे उबदार कोपऱ्यात. गॅसच्या ओट्याजवळ मात्र नको, कुकरची वाफ लागते. उन्हात सात-आठ दिवस, घरात दहा-बारा. साखरेचा एकही दाणा दिसत नाही आणि साली आक्रसून चामड्यासारख्या झाल्या की मुरलं.

लवकर व्हावं म्हणून गॅसवर उकळणारे आहेत. होतं लवकर, पण लाल रंग तपकिरीकडे जातो आणि चवीला जॅमचा वास येतो. त्यापेक्षा आमसुलाचं सरबत करा.

गाळताना एक चाचणी

स्टीलच्या चाळणीतून गाळा आणि बाटलीत भरण्याआधी पाक पुरेसा दाट आहे का ते काट्यावर बघा. एक छोटा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. त्यात बरोबर १०० ग्रॅम पाणी घेऊन पातळी कुठे येते ती बाहेरून पेनानं खूण करा. पाणी ओता, पेला पुसा, त्याच खुणेपर्यंत पाक भरा. पाकाचं वजन १३२ ग्रॅम किंवा जास्त भरलं तर निर्धास्त. १२६ च्या आसपास भरलं तर साखर कमी आहे. अजून फेस नसेल तर किलोभर पाकाला साडेतीनशे ग्रॅम साखर घालून, ढवळत, गरम न करता विरघळवा आणि परत मोजा. डोळ्यांनी दाट दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका, लाल रंग फार फसवतो.

फेस, झाकण उघडताना फुस्स आवाज, ताडीसारखा वास : आंबलं आहे, ओतून द्या. सालीवर केसाळ पांढरी-हिरवी बुरशी दिसली तरी तेच, वरचा भाग काढून उरलेलं वापरू नका. तळाशी खडीसाखरेसारखे दाणे मात्र बिघडल्याचं लक्षण नाही. दाट पाक फ्रिजमध्ये गार झाला की थोडी साखर बाहेर पडते. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली की विरघळते.

जिरं बाटलीत घालू नका. चार आठवड्यांत भाजल्या जिऱ्याचा वास उतरतो आणि पूड तळाला बसते. मीठ चमचाभर घातलं तरी हरकत नाही. कोरडी बाटली फ्रिजमध्ये सहा-आठ महिने सहज राहते. ओला चमचा किंवा बाटलीला तोंड लावणं एवढं टाळा.

ग्लासात

२०० मिलीच्या ग्लासाला ४० मिली पाक, म्हणजे पोहे खायचे साधारण चार चमचे. चिमूटभर मीठ, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची ताजी पूड, मग माठातलं पाणी. बर्फ घालणार असाल तर पाक ५० मिली करा, नाहीतर शेवटचे घोट पाणचट लागतात.

त्या ४० मिलीत जवळपास ३८ ग्रॅम साखर जाते, सात-आठ चमचे. ज्यांना ती चालत नाही त्यांच्यासाठी पाक २० मिली घ्या आणि आंबटपणा भरून काढायला चमचाभर आगळ टाका. आगळ म्हणजे सालीचा खारवलेला रस, गिरगाव-लालबागेतल्या कोकणी मालाच्या दुकानात मिळतो. आगळ घातलंत तर वेगळं मीठ घालू नका. मधुमेह असलेल्यांनी मात्र पाकाला हात न लावता नुसतं आगळ, पाणी आणि जिरं घ्यावं. तेही चांगलं लागतं, मिठाचं पथ्य असेल तर जपून.

सोडा घालायचा असेल तर पाक तळाशी आणि सोडा ग्लासाच्या कडेनं. मीठ आधीच पाकात मिसळून ठेवा, वरून टाकलंत तर फेस ओट्यावर. दूध किंवा आइस्क्रीमबरोबर जमत नाही, फाटतं. आणि सोलकढीला हा गोड पाक वापरू नका, तिथे आगळ किंवा आमसूलच लागतं.

हंगाम हुकला तर

५० ग्रॅम आमसुलं घ्या, मऊ आणि लालसर काळी. कडक, तपकिरी झालेल्या जुन्या आमसुलाचं पाणी चहासारखं दिसतं. वरचं मीठ जाईल इतपत पटकन धुवा, ३०० मिली कोमट पाण्यात चार तास भिजवा, हातानं कुस्करून गाळा, २५० ग्रॅम साखर विरघळवा. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवायचं. चव खारट-मातकट अंगानं जाते, अमृत कोकमाची सर नाही, पण ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात हेच हाताशी असतं.

उरलेलं

मुरलेल्या साली फेकू नका. थोडं मीठ-जिरं लावून चघळायला ठेवा, किंवा लिटरभर गार पाण्यात रात्रभर घालून सकाळी गाळा, घरच्यांपुरतं हलकं सरबत होतं. ते त्याच दिवशी संपवा. बाजूला काढलेल्या गराच्या भांड्यात अर्धी वाटी साखर मिसळून तासाभरानं चाळणीवर दाबून गाळलंत तर कापलेल्या दिवशीच चार ग्लास निघतात. तो गर बियांसकट मिक्सरला लावू नका. बी फुटली की कडू आणि तेलकट. या बियांचं तेल काढून कोकणात टाचांच्या भेगांना लावतात, पण एक किलो रातांब्यांच्या बियांत फ्लॅटमध्ये तेवढा खटाटोप परवडत नाही.