चाळीतला मदतनिधी कसा चालवावा

लालबाग-परळकडे गणपतीची वर्गणी जमवायला कुणाला शिकवावं लागत नाही. त्याच मंडळींनी वर्षभर अडल्यानडल्यांसाठी निधी चालवायचा ठरवला, तर खरी कसोटी पैसे देताना लागते.

आधी कशासाठी देणार ते ठरवा. शाळेची फी, औषधं, घरातलं कमावतं माणूस आजारी पडलं तर महिन्याचा किराणा, एवढं पुरे. नोंदणी नसताना परस्पर लोकांकडून पैसे गोळा करू नका. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. काम कायमचं करायचं असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी करा. धर्मादाय आयुक्तांचं मुंबईचं कार्यालय वरळीला आहे. कागदपत्रांसाठी जाणता वकील गाठा, हेलपाटे वाचतात. देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता (८०जी) मिळाली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा.

अर्ज आला की दोघांनी घरी जावं, त्यात एक बाई असावीच. घरभाडं किती, कर्ज कुणाचं, हे बाईमाणसाशी मोकळेपणी बोललं जातं. चौकशी शेजाऱ्यांकडे करत फिरू नका. चाळीत भिंतींना कान असतात. आणि मदत देतानाचा फोटो ग्रुपवर टाकायची हौस असेल, तर हे काम दुसऱ्याकडे सोपवा.

शक्यतो रोख हातात देऊ नका. फीचा चेक शाळेच्या नावे काढा, औषधाचं बिल केमिस्टकडे चुकतं करा, किराण्याचं वाण्याकडे. यात अविश्वास नाही. घरात रोकड आली की आधी सावकार दारात उभा राहतो, आणि पोराची फी तशीच राहते.

ऑपरेशनचा खर्च मात्र अंगावर घेऊ नका, एकाच बिलात निधी आटेल. तिथे पैशापेक्षा माहिती कामी येते. मुंबईतल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १.८० लाख आणि ३.६० लाख रुपये. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं. बिलिंगच्या खिडकीवर ही गोष्ट आपणहून कुणी सांगेलच असं नाही. कार्यकर्त्यानं सोबत जावं, कारण घाबरलेला नातेवाईक पहिल्या नकारालाच मागे फिरतो. आपला निधी मग जाण्यायेण्याला, सोबतच्या माणसाच्या जेवणाला आणि घरी आल्यावरच्या औषधांना वापरा.

हिशेब दरवर्षी तपासून घ्या आणि जमाखर्च फलकावर लावा, मदत घेणाऱ्यांची नावं वगळून. समितीतल्याच कुणाला मदत लागली तर त्यानं संकोच न करता अर्ज करावा, फक्त त्या दिवशीच्या बैठकीला बसू नये.