फ्रीजच्या नळाला गंज दिसला? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि माझा फोन दिवसभर वाजत राहतो. तक्रार ठरलेली: ‘भाऊ, फ्रीजमधून पाणी लाल ई ऱ्हायनं’, म्हणजे लाल येतंय. मी विनवतो, येईपर्यंत काही घासू नका. तरी बऱ्याच घरांत घासून झालेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाण्याचा लाल रंग किंवा नळापाशी दिसणारा लाल डाग फ्रीजच्याच गंजाचा आहे, असं धरून चालणं. आपल्याकडे कितीतरी घरांत बोअरचं पाणी. त्यात लोह विरघळलेलं असेल तर उपसताना पाणी नितळ दिसतं. हवा लागली की लोह तांबूस होऊन खाली बसतं. तोच गाळ डिस्पेन्सरच्या म्हणजे फ्रीजच्या पाण्याच्या नळाच्या तोंडाशी, खालच्या ट्रेमध्ये, बर्फाच्या साच्यात साचतो. काचेच्या स्वच्छ पेल्यात बोअरचं पाणी भरून रात्रभर उघडं ठेवा. सकाळी तळाशी तांबूस थर दिसला तर दोष पाण्यात आहे. पाणी फक्त सकाळी पहिल्यांदा पिवळं येऊन मग नितळ होत असेल तर घरातला जुना लोखंडी पाइप तपासा. लोकांना मात्र रात्रभर थांबवत नाही. फ्रीजचं कार्बन फिल्टर बदलून मोकळे होतात. ते वास आणि क्लोरीन धरतं, विरघळलेलं लोह त्याने नीट निघत नाही. लोह काढणारं फिल्टर पाणी फ्रीजमध्ये शिरण्याआधीच बसवावं लागतं.

दुसरी चूक ॲसिडची. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी अमळनेरजवळ एका घरी गेलो होतो. लेकी माहेरी आलेल्या, खापरावरच्या पुरणपोळ्यांची आणि आमरसाची तयारी चाललेली. डिस्पेन्सरच्या स्टीलच्या ट्रेवर एक बारीक ठिपका दिसला, म्हणून काकूंनी आठ दिवसांपूर्वी संडास साफ करायचं ॲसिड ओतून तारेच्या घासणीने रगडलं होतं. त्या दिवशी ट्रे लख्ख दिसला. मी पोचलो तेव्हा त्यावर बारीक खड्डे पडले होते, प्रत्येक खड्ड्यात गंज, आणि ॲसिड आत उतरल्याने नळाच्या खटक्याची स्प्रिंगही खाल्लेली. अशा ॲसिडमधलं क्लोराइड स्टीलवरचा राखणारा पातळ थर फोडतं, आणि घासणीचे लोखंडी कण ओरखड्यांत अडकून स्वतःच गंजतात. ट्रे आणि स्प्रिंग दोन्ही बदलावं लागलं, सामान यायला चार दिवस लागले. ऐन सणात पाहुण्यांना माठाचंच पाणी. काकूंचा मला राग आला नाही. राग येतो तो ‘दोन मिनिटांत गंज गायब’ दाखवणाऱ्या व्हिडिओंचा.

ॲसिड किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो.

माझी पद्धत सावकाश आहे. आधी प्लग काढायचा, पाण्याचा कॉक बंद करायचा. व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं घेऊन कपडा भिजवायचा आणि स्टीलच्या डागावर अर्धा तास ठेवायचा. मग खाण्याच्या सोड्याची पेस्ट आणि जुना टूथब्रश. धुवायचं आणि सुक्या कपड्याने कोरडं करायचं. हे कोरडं करणंच सगळे विसरतात. बर्फाचा साचा ॲल्युमिनियमचा असेल तर त्यावर व्हिनेगर ठेवू नका, साबणाचं कोमट पाणी पुरतं. त्यावर पांढरी भुकटी दिसली किंवा लेप सुटत असेल तर खरवडू नका, साचा बदला. सफाईनंतरचा पहिला दोन-तीन वेळचा बर्फ फेकून द्या.

सुरी किंवा पेचकस लावून बर्फ कधीच काढू नका. फ्रीझरच्या पत्र्याआड गॅसची नळी असू शकते, आणि हल्ली अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए हा पेट घेणारा गॅस असतो.

लोडशेडिंगमध्ये वितळलेला बर्फ तसाच पुन्हा गोठू देऊ नका. बर्फाचा डबा रिकामा करून त्याचे स्क्रू पुसून घ्या.

गंजलेल्या स्क्रूवर रंग मारू नका. रंगाचे पापुद्रे बर्फात पडतात. त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसवा. हार्डवेअरच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो.